निदानाचें गद्य

वाङ्मयसमीक्षेच्या प्रांतांत ज्याचें नांव कधीं निघत नाहीं, अशा एका गद्यप्रकाराचें परीक्षण करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. हा गद्यप्रकार बहुधा एकदोन पानांचा असतो. तो इंग्रजींत लिहिलेला असतो. त्याच्या खालीं लेखकाची सही असते, परंतु त्या लेखकाला वाचकानें बहुधा कधींच पाहिलेलें नसतें. गिरगांव, दादर, परळ येथील अनेक घरांतल्या कपाटांत, विम्याच्या व शाळेच्या कागदांशेजारीं, त्याचा एखादा नमुना जपून ठेवलेला आढळेल. शरीरांतून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासून विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे व्यवहारांत आपण ज्याला पॅथॉलॉजिस्ट म्हणतों तो, जो अहवाल लिहितो, तो हा गद्यप्रकार होय. कादंबरी वाचून कोणी रडतो, कोणी हंसतो. पण ह्या पानाच्या वाचनानें कोणाचा स्तन जातो, कोणाच्या जबड्याचा भाग जातो, आणि कोणाच्या घरांत महिन्यानंतर प्रथमच माणसें पोटभर जेवतात. ज्या लिखाणाच्या अंगीं एवढें सामर्थ्य आहे, त्याच्या भाषेची चिकित्सा मराठींत कोणी करूं नये, हें आश्चर्य होय.

ह्या अहवालाची संहिता कशी सिद्ध होते, हें आधीं पाहिलें पाहिजे. शस्त्रवैद्यानें काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्यें बुडवितात, म्हणजे तो कुजत नाहीं व त्याची रचना होती तशी राहते. मग त्यांतील पाणी अल्कोहोलच्या साह्यानें काढून त्याच्या जागीं मेण भरतात. त्या मेणाच्या वडीचे मायक्रोटोम नांवाच्या यंत्रावर छेद घेतात. हे छेद चारपांच मायक्रॉन जाडीचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असा छेद कांचपट्टीवर पसरला, तरी तो पारदर्शक असल्यानें त्यांत कांहींच दिसत नाहीं. तेथें रंगाऱ्याचें काम सुरू होतें. मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या लांकडापासून निघणारें हेमॅटॉक्सिलिन तुरटीच्या संगतीनें पेशींच्या केंद्रांना निळा-जांभळा रंग चढवितें, आणि इओसिन बाकीच्या भागाला गुलाबी करितें. कापडाला रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरण्याची युक्ति आपल्या रंगाऱ्यांना पूर्वींपासून ठाऊक होती. तिचाच उपयोग येथें माणसाच्या मांसावर केलेला असतो. ही रीत शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. प्रतिपिंडांच्या साह्यानें विशिष्ट प्रथिनें रंगविण्याच्या नव्या रीती आल्या, पेशींतील जनुकांची तपासणी आली. तरी पहिलें वाचन अजून ह्या निळ्या-गुलाबी पानावरच होतें.

ह्या वाचनांत शोधावयाचें काय असतें? शब्दांची जुळणी पाहून परिच्छेदाचा अर्थ लावावा, त्याप्रमाणें पेशींची रचना पाहून ऊतकाचा अर्थ लावावयाचा असतो. गालाच्या आंतील अस्तर घ्या. निरोगी स्थितींत त्यांतील पेशी तळापासून वरपर्यंत शिस्तीनें थरांवर थर रचलेल्या असतात, आणि तळाशीं एक नाजूक पडदा त्यांना खालच्या भागापासून वेगळा ठेवितो. शेताचा बांध असावा तसा तो पडदा. कर्करोगांत पेशींचे आकार विषम होतात, केंद्रें मोठीं व गडद होतात, विभाजन वाढतें, थरांची शिस्त मोडते. परंतु एवढ्यावरून अंतिम निर्णय होत नाहीं. पेशींनीं तो बांध ओलांडला आहे किंवा नाहीं, हा कळीचा प्रश्न असतो. बांधाच्या आंत कितीहि बेशिस्त माजली, तरी रोग अजून जागच्या जागीं असतो; बांध ओलांडला, कीं तो दुसऱ्याच्या शेतांत शिरला. कित्येकदां सगळ्या अहवालाचा भार ह्या एका रेषेवर असतो.

येथें वाङ्मय शिकविणाऱ्याला आपल्या धंद्याची आठवण होणें साहजिक आहे. आय्. ए. रिचर्ड्स ह्यांनीं केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींचीं नांवें न सांगतां कविता वाचावयास दिल्या, आणि त्यांनीं लावलेल्या अर्थांची छाननी १९२९ सालच्या आपल्या ग्रंथांत केली. संहितेकडे पूर्वग्रह न ठेवतां पाहावें, हा त्या प्रयोगाचा धडा आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें गिरविला. पण हाच धडा ऊतकाच्या वाचनाला जशाचा तसा लावला तर अनर्थ होईल. मोडलेलें हाड सांधत असतां त्या जागीं नवें हाड इतक्या घाईनें तयार होत असतें, कीं केवळ कांचपट्टी पाहणाऱ्याला तो हाडाचा कर्करोग वाटावा. मुलगा महिन्यापूर्वीं झाडावरून पडला होता, हें एक वाक्य सोबतच्या कागदावर असेल तर त्याचा पाय वांचतो. म्हणून वय, जागा, लक्षणें, क्ष-किरणांचें चित्र हें सर्व अहवाल लिहिणाऱ्यापुढें असावें लागतें. तुकड्याबरोबर पाठविलेला कोरा किंवा अर्धवट भरलेला कागद हा ह्या शास्त्रांतला मोठा अपराध आहे. आणि तो अपराध वाचकाचा नसून पाठविणाऱ्याचा असतो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे, आणि तिचें प्रसिद्ध उदाहरण जर्मनींतील आहे. १८८७ सालीं जर्मनीचा युवराज फ्रेडरिक ह्याच्या घशांत गांठ निघाली. जर्मन वैद्यांना कर्करोगाचा संशय येऊन ते शस्त्रक्रियेच्या विचारांत होते. लंडनचे घशाचे तज्ज्ञ मॉरेल मॅकेंझी ह्यांनीं तुकडा काढून तो रूडॉल्फ फिर्खो ह्यांच्याकडे तपासणीस दिला. प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते हा सिद्धांत पुढें मांडून १८५८ सालीं ज्यानें विकृतिशास्त्राला नवा पाया घालून दिला, तोच हा फिर्खो. त्याला तुकड्यांत कर्करोग आढळला नाहीं. शस्त्रक्रिया टळली. पुढच्या मार्चमध्यें युवराज बादशहा झाला आणि नव्व्याण्णव दिवस राज्य करून १५ जून १८८८ रोजीं मरण पावला. शवपरीक्षेंत रोग कर्काचाच ठरला. फिर्खोनें जो तुकडा पाहिला त्यांत रोग दिसला नाहीं, हें त्याचें म्हणणें त्या तुकड्यापुरतें होतें. पण तुकड्यापुरतें बोललेलें वाक्य साऱ्या घशापुरतें ऐकलें गेलें. "दिसला नाहीं" असें एकानें सांगितलें, आणि "नाहीं" एवढेंच जगानें घेतलें.

ह्या एका प्रसंगांत आमच्या विषयाचें सार आहे. विकृतिशास्त्रज्ञाचा अहवाल हा निश्चयाच्या पायऱ्यांचें गद्य आहे. रोग आहे, असावा असें वाटतें, चित्र त्याच्याशीं विसंगत नाहीं, तो नाकारतां येत नाहीं, तपासलेल्या छेदांत तो दिसला नाहीं, तुकडा अपुरा असल्यानें कांहींच सांगतां येत नाहीं. ह्या सहा पायऱ्यांपैकीं लेखक ज्या पायरीवर उभा आहे, तिच्या एक पायरी वर किंवा खालीं वाचक उतरला, तर रोग्याच्या देहाचें नुकसान होतें. चांगल्या अहवालाचा मुख्य गुण हा, कीं त्याचा लेखक आपली पायरी सोडीत नाहीं. ज्ञानाचा बडेजाव नाहीं, करुणेचा उमाळा नाहीं. जेवढें पाहिलें तेवढेंच लिहिलें. असा संयम आमच्या पुष्कळशा ग्रंथपरीक्षणांनाहि साधत नाहीं. प्रस्तावनेचीं चार पानें चाळून कवीला युगप्रवर्तक ठरविणाऱ्यांनीं, "आलेल्या नमुन्यांत तसें दिसलें नाहीं" हें वाक्य लिहावयास शिकावें.

दोषहि तितकेच स्पष्ट आहेत. कित्येक अहवालांच्या शेवटीं, रोग्याच्या लक्षणांशीं ताडून पाहावें, अशा अर्थाचा एक शेरा असतो. काय ताडून पाहावें, कोणती शंका मनांत आहे, हें सांगितलें असेल तर त्या शेऱ्यासारखा उपकारक शेरा नाहीं. पण तो शिक्क्यासारखा सर्वत्र उमटूं लागला, कीं त्याचा अर्थ "पुढचें तुमचें तुम्हीं पाहा" एवढाच उरतो. तसेंच दुहेरी नकाराचें. "नाकारतां येत नाहीं" ही खरी पायरी आहे. परंतु संशय एक आणा आहे कीं पंधरा आणे, हें झांकण्यासाठीं तिचा आडोसा करणें हें गद्याचें पाप आहे. सावधपणा आणि अंग काढून घेणें ह्यांत फरक आहे, आणि तो भाषेंतच ओळखूं येतो.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं, कारण ह्या विद्येचें हिंदुस्थानांतील एक मोठें घर परळ येथें आहे. के. ई. एम्. रुग्णालय व त्याला जोडलेलें सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय हीं १९२६ सालीं सुरू झालीं. टाटा स्मारक रुग्णालयाचें उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं झालें. ह्या दोन्ही संस्थांत ज्यांनीं ऊतकपरीक्षेची परंपरा घातली, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८). लंडनमध्यें विकृतिशास्त्राचें शिक्षण घेऊन ते परत आले, आणि पुढें टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनीं वाहिली. १९५२ सालीं स्थापन झालेलें भारतीय कर्करोग संशोधन केंद्रहि त्यांच्याच पुढाकाराचें फळ. मुंबई विद्यापीठाचें कुलगुरुपदहि त्यांनीं भूषविलें.

खानोलकरांची थोरवी एवढीच नव्हे, कीं ते एक कांचपट्टी उत्तम वाचीत. अनेक कांचपट्ट्या एकत्र ठेवल्या असतां समाजाचें वर्तन वाचतां येतें, हें त्यांनीं ओळखलें. १९४४ सालीं 'कॅन्सर रिसर्च' ह्या अमेरिकन नियतकालिकांत त्यांनीं मुंबईंतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. पान, तंबाखू, विडी ह्या संवयी एकीकडे आणि तोंडांतील रोग दुसरीकडे, ह्यांची सांगड घालण्याचें काम अशा आढाव्यांनीं पुढें नेलें. पुढच्याच वर्षीं सूर्याबाई ह्यांच्यासह त्यांनीं चालीरीतींशीं निगडित अशा कर्करोगाच्या तीन प्रकारांवर निबंध लिहिला. त्यांपैकीं एक प्रकार कमरेभोंवतालच्या कातडीचा होता. वर्षानुवर्षें एकाच जागीं घट्ट नेसलेल्या धोतराच्या घर्षणानें ती कातडी प्रथम काळवंडते, खरखरीत होते, आणि क्वचित् तिच्यांत रोग उद्भवतो. ह्याला वैद्यकाच्या इंग्रजी ग्रंथांत 'धोती कॅन्सर' असें नांव पडलें. पुढें साडीचेंहि नांव अशाच एका रोगाला मिळालें.

ह्या नांवापाशीं जरा थांबावें. आमच्या दोरीवर वाळणाऱ्या वस्त्राचें नांव परळच्या प्रयोगशाळेंतून जगाच्या वैद्यकांत गेलें; पण त्या प्रयोगशाळेचें ज्ञान आमच्या भाषेंत त्याच वाटेनें परत आलें नाहीं. टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर, किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत, विदर्भ-मराठवाड्यांतून आलेलीं कुटुंबें फाईल मांडीवर घेऊन बसलेलीं असतात. त्या फाईलींत त्यांच्या माणसाचें भवितव्य लिहिलेलें असतें, आणि तें त्यांना वाचतां येत नाहीं. रोगाविषयींची सामान्य माहिती मराठींत मिळते. पण "तुझ्या तुकड्यांत काय दिसलें" हें सांगणारा कागद बहुधा इंग्रजींतच असतो. खेड्यांतल्यांचेंच कशाला? ज्यांच्या घरांत दोन पिढ्या पदवीधर आहेत, त्यांनाहि त्या पानांतला एकच शब्द शोधून काढावयाचा असतो, आणि तो सांपडला किंवा न सांपडला, कीं वाचन संपतें.

ह्याचें खापर मराठीच्या माथीं फोडण्याची आपली जुनी चाल आहे. मराठींत शब्द नाहींत, असें म्हटलें जातें. वस्तुतः शब्द हवे तितके आहेत, किंबहुना अंमळ अधिकच आहेत. सुश्रुतानें ग्रंथि आणि अर्बुद असा भेद केला; अर्बुदावर पुन्हा अर्बुद उठलें तर तें अध्यर्बुद, असेंहि नांव दिलें. ग्रीक व लॅटिनमधील खेंकड्याचाच अर्थ घेऊन 'कर्करोग' हा शब्द आला आणि रुळला. शाळेच्या पुस्तकांत 'पेशी' व 'ऊती' आहेत. १९७६ पासून निघूं लागलेल्या मराठी विश्वकोशानें 'कोशिका' व 'ऊतक' पसंत केले. त्या कोशाचें काम मोठें आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु अनेक नोंदींत 'ऊतक' शब्दापुढें कंसांत त्याचा अर्थ पुनःपुन्हा द्यावा लागतो, हेंच त्या शब्दाचें परीक्षण होय. जो शब्द प्रत्येक दारांत आपली ओळख पुन्हा सांगतो, तो अजून गांवांत राहावयास आलेला नाहीं. 'साधी गांठ' आणि 'वाईट गांठ' हे बायकांच्या बोलण्यांतले शब्द मात्र कोणी समजावून सांगावे लागत नाहींत. मारक गांठीला 'दुर्दम' म्हणणाऱ्यानें योग्य व सुंदर शब्द योजिला आहे. तोहि हळूहळू रुळेल. 'बायोप्सी' तर रुळलाच आहे, आणि त्याला हुसकून लावण्याचें कारण नाहीं.

पण हा सारा वाद नामांचा आहे, आणि निदानाचा प्राण नामांत नाहीं. तो क्रियापदांत आहे. निश्चयाच्या ज्या सहा पायऱ्या वर सांगितल्या, त्या दाखविणारीं क्रियापदें आपल्या घरीं रोजच्या वापरांत आहेत. "तो आला आहे", "तो आला असावा", "तो आला असेल", "तो आला नसेल असें नाहीं", "तो मला दिसला नाहीं", "तो आला नाहीं": ह्या वाक्यांतला फरक दादरच्या कोणत्याहि आजीला व्याकरण न शिकतां कळतो. 'असावा' मध्यें पुराव्यावरून काढलेलें अनुमान आहे. 'असेल' मध्यें नुसता अंदाज आहे. इंग्रजी अहवाल जी छटा दाखविण्यासाठीं तीनचार शब्दांचें वाक्खंड वापरतो, ती मराठी एका क्रियारूपांत दाखविते. म्हणून मराठींत निदान सांगतां येत नाहीं, हें म्हणणें भाषेच्या दृष्टीनें टिकत नाहीं.

उदाहरणार्थ, असें लिहितां येईल: "गालाच्या आंतील बाजूचा जो तुकडा आमच्याकडे आला, त्यांत कर्करोग आहे. तो अस्तराची सीमा ओलांडून खालच्या थरांत शिरला आहे. तुकडा लहान असल्यानें तो किती खोल गेला, हें यावरून सांगतां येत नाहीं." किंवा असें: "आलेल्या तुकड्यांत कर्करोग दिसला नाहीं. पण तुकडा वरवरचा आहे. गांठीच्या मुळाशीं काय आहे, तें त्यावरून कळत नाहीं. डॉक्टरांचा संशय कायम असल्यास पुन्हा तुकडा घ्यावा." ह्यांत एकहि कठीण शब्द नाहीं, आणि कोठेंहि पायरी सुटलेली नाहीं. फ्रेडरिकच्या प्रकरणांत जें निसटलें, तें येथें दुसऱ्या वाक्यांत बांधून ठेवलें आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं अहवाल हें एका तज्ज्ञानें दुसऱ्या तज्ज्ञाला लिहिलेलें पत्र आहे. तें रोग्यासाठीं नाहीं. ही गोष्ट खरी होती, आणि मूळ अहवाल शास्त्राच्या भाषेंत राहावा हेंहि योग्यच आहे. त्यांतील सूक्ष्म तपशिलावर उपचार ठरतात. पण आतां तो कागद रोग्याच्याच हातीं पडतो, पुष्कळदां डॉक्टरांच्या आधीं त्याच्या फोनवर येतो. पत्र तिसऱ्याच्या हातीं जाणार हें ठाऊक असूनहि त्याला न कळेलसें लिहावयाचें, ह्याला काय म्हणावें? मूळ अहवालाखालीं वरच्यासारख्या चार ओळी आल्या, तर मूळाचें कांहीं बिघडत नाहीं. एकच दक्षता घ्यावी: त्या ओळी अहवाल लिहिणाऱ्यानेंच लिहाव्या किंवा तपासाव्या. भाषांतराचें काम परक्याकडे किंवा यंत्राकडे सोंपविलें, तर पहिला बळी 'असावा' चा पडेल.

दुसरा आक्षेप हृदयाचा आहे, आणि तो अधिक आदरानें ऐकला पाहिजे. रोग्याला सांगूं नये. त्याचा धीर खचेल. घरच्यांनीं तेवढें ओझें स्वतःच्या डोक्यावर घ्यावें, ही आमच्या कुटुंबांची रीत आहे. तिच्या मुळाशीं माया आहे, हें कोण नाकारील? रोगाचें नांव टाळून "तो आजार" म्हणणाऱ्या घरांत भित्रेपणाच असतो असें नाहीं. परंतु ह्या रीतीचा परिणाम पाहावा. ज्याच्या देहावर शस्त्र चालणार, त्यालाच शस्त्राचें कारण ठाऊक नसतें. तो संमतीच्या कागदावर सही करितो, ती कशाला, हें त्याच्याखेरीज सर्वांना माहीत असतें. शिवाय लपविलेलें फार दिवस लपत नाहीं. परळच्या त्या रस्त्यावर उतरणाऱ्याला आपण कोठें आलों हें कळतें. फक्त तें कोणाशीं बोलतां येत नाहीं. सर्वच एकदम सांगावें, असा आग्रह येथें नाहीं. केव्हां, कसें, किती सांगावें, हें डॉक्टरांनीं व आप्तांनीं माणूस पाहून ठरवावें. ज्याला ऐकावयाचें नाहीं, त्याच्या कानीं कपाळीं ओरडूं नये. पण ज्याला जाणून घ्यावयाचें आहे, त्याला भाषेच्या अभावीं अज्ञानांत ठेवावें, ही माया नव्हे.

अपेक्षा थोडक्यांत मांडतों. वैद्यकीय महाविद्यालयांतून विकृतिशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना एक कांचपट्टी वाचून तिचें निदान चार मराठी वाक्यांत लिहावयास सांगावें, आणि तीं वाक्यें शास्त्राच्या व मराठीच्या अशा दोन्ही अध्यापकांनीं तपासावीं. पहिल्यानें रोगाचें नांव बरोबर आहे कीं नाहीं तें पाहावें, दुसऱ्यानें क्रियापद. परिभाषेच्या समित्यांनीं ह्यासाठीं अडून राहण्याचें कारण नाहीं. नामें इंग्रजी राहिलीं तरी चालतील. आणि ज्या घरांत असा कागद येईल, तेथील शिकल्या-सवरल्या माणसांनीं एक शब्द शोधून कागद मिटूं नये. तुकडा कोठून घेतला, तो पुरेसा होता काय, लेखक 'आहे' म्हणतो कीं 'असावा' म्हणतो, आणि 'दिसला नाहीं' असें म्हणत असेल तर कशांत दिसला नाहीं, एवढे प्रश्न डॉक्टरांना विचारावे. ते विचारण्यापुरतें मराठी आपणां सर्वांना येतें.